नावे ठेवण्याआधी नावे मोजा

पुणे महापालिकेच्या हद्दीत गेल्या वर्षी किती मुलांचे नाव 'अर्णव' ठेवले गेले आणि किती मुलींचे 'आद्या', हे आज कोणत्याही आईवडिलांना सांगता येणार नाही. जन्मनोंदीत यातले प्रत्येक नाव आहे, संगणकात आहे, देवनागरीत आहे आणि रोमन लिपीतही आहे. ते मोजून लोकांसमोर मात्र कोणी ठेवत नाही. अमेरिकेत सोशल सिक्युरिटी हे सरकारी खाते दरवर्षी बाळांच्या नावांची संख्येसह यादी काढते. तिथे १८८० पासूनच्या जन्मांची नावे बघायला मिळतात, आणि वर्षात पाचपेक्षा कमी बाळांना दिलेले नाव यादीत घेतले जात नाही. इंग्लंड आणि वेल्समध्येही सरकारी सांख्यिकी कार्यालय अशीच यादी काढते, तिथे मर्यादा तीनची आहे. आपल्याकडे जन्म किती झाले, मुलगे किती, मुली किती, हे छापले जाते. नावे दप्तरातच राहतात. पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन्ही महापालिकांनी दरवर्षी नावांची यादी प्रसिद्ध करावी, असे माझे ठाम म्हणणे आहे. वरवर पाहता हा हौसेचा विषय वाटेल. पण आज घराघरांत नाव ठरवताना जो घोळ होतो, त्याचे मूळ या न निघणाऱ्या यादीत आहे.

बहुतेक तरुण आईवडिलांची अट एकच असते: नाव वेगळे हवे, वर्गात दुसऱ्या कोणाचे नको. मग फोनवरच्या ॲपमध्ये 'मुलगा' निवडायचे, गुरुजींनी काढून दिलेले अक्षर टाकायचे, दोन किंवा तीन अक्षरी नावाचा फिल्टर लावायचा, 'मॉडर्न'वर बोट ठेवायचे. हजारो नावांतून पंधरा-वीस उरतात. त्याच आठवड्यात कोथरूडला, वाकडला, हडपसरला तेच अक्षर घेऊन बसलेल्या घरांतही तीच पंधरा-वीस उरतात. प्रत्येक घराला वाटते, हे नाव आपल्यालाच सापडले. तीन-साडेतीन वर्षांनी बालवाडीच्या दारात ती सगळी नावे एकमेकांना भेटतात.

याचे साधे गणित मांडता येते. एका तुकडीत ४० मुले आहेत आणि सगळ्यांच्या आईवडिलांनी, एकमेकांना न विचारता, ५०० नावांच्या एकाच यादीतून नाव उचलले आहे असे धरा. तुकडीत निदान दोघांचे नाव सारखे निघण्याची शक्यता सुमारे ८० टक्के येते. यादी चौपट केली, २००० नावांची, तरी ती सुमारे ३२ टक्के उरते. आणि हा हिशेब प्रत्येक नावाला सारखीच पसंती आहे असे मानून केलेला. प्रत्यक्षात मूठभर नावांवर उड्या पडतात, त्यामुळे खरी शक्यता याहून जास्त.

नाव जुळणे ही काही आपत्ती नव्हे. एकेका वर्गात तीन प्रकाश, पुढे तीन संदीप, त्याही पुढे चार पूजा होत्या, आणि बापाचे नाव व आडनाव लावून शाळेने त्या सर्वांना नीट ओळखले. नुकसान दुसरीकडे आहे. त्या पिढ्यांनी वेगळेपणाचा दावा केला नव्हता, म्हणून त्यांनी त्यासाठी काही गमावलेही नाही. आज वेगळेपणासाठी अर्थ सोडला जातो, उच्चार सोडला जातो, आजी-आजोबांच्या ओळखीचे शब्द सोडले जातात, आणि इतके देऊन वेगळेपणही हाती लागत नाही. खरोखर किती जणांनी हे नाव ठेवले, हा आकडा समोर असता तर निदान सौदा डोळसपणे झाला असता.

यात सगळ्यात जास्त ओढाताण करते ते अक्षर. त्याबद्दलचे गैरसमज इतके आहेत की थोडे विस्ताराने सांगायला हवे. सत्तावीस नक्षत्रे, प्रत्येकाचे चार चरण, अशी १०८ चरणांची १०८ अक्षरे ठरलेली आहेत, आणि जन्मवेळी चंद्र ज्या चरणात असेल त्याचे अक्षर बाळाला येते. अश्विनीची चू, चे, चो, ला. रोहिणीची ओ, वा, वी, वू. मघाची मा, मी, मू, मे. चंद्र एक नक्षत्र साधारण एका दिवसात ओलांडतो, म्हणून एक चरण सुमारे सहा तासांचा असतो. चंद्राची गती कमीजास्त होते तसा तो सव्वापाच ते पावणेसात तासांपर्यंत हलतो. पुण्याच्या कोणत्याही भागात त्या सहा तासांत जन्मलेल्या सर्व बाळांना एकच अक्षर येते. अक्षर पाळले की निवड आपोआप आकसते, आणि एकाच दिवशीची बाळे एकाच कोपऱ्यात ढकलली जातात.

काही अक्षरे तर नावाच्या सुरुवातीला येऊच शकत नाहीत. आर्द्राच्या तिसऱ्या चरणाला ङ, हस्ताच्या तिसऱ्याला ण, उत्तराभाद्रपदेच्या चौथ्याला ञ. या अडचणीवर जुन्यांनीच तोडगा दिलेला आहे: ङ ऐवजी ग, ञ ऐवजी ज, ण ऐवजी ड धरावा. तो माहीत नसल्यामुळे कित्येक घरांत 'आमचे अक्षर फार अवघड आले' म्हणत ओढूनताणून नाव बनवले जाते. हस्त नक्षत्राचाच 'ठ' किंवा उत्तराभाद्रपदेचा 'थ' आला की तीच गत.

मुख्य मुद्दा पुढेच आहे. महाराष्ट्रातल्या रिवाजात हे अक्षर नावरस नावासाठी असते. नामकरणात बाळाला एकच नाव देत नाहीत. देवतानाम, मासनाम, नाक्षत्रनाम आणि व्यावहारिक नाम अशी चार नावे सांगितलेली आहेत. नाक्षत्रनाम, म्हणजेच नावरस नाव, पत्रिकेत राहते, जुळवणीच्या वेळी उपयोगी पडते. हाक मारण्याचे, शाळेत घालण्याचे नाव चौथे, आणि त्याला अक्षराचे बंधन नाही. पारस्कर गृह्यसूत्रात नाव कसे असावे याचे नियम आहेत: मुलाचे दोन किंवा चार अक्षरांचे, घोष वर्णाने (ग, ज, द असा) सुरू होणारे, मध्ये अंतस्थ (य, र, ल, व) असलेले, मुलीचे विषम अक्षरांचे आणि आकारान्त. हे सगळे नियम उच्चाराचे आहेत, जन्माक्षराचा तिथे उल्लेख नाही. म्हणजे ज्यांना परंपरा पाळायची आहे त्यांनाही 'के' वरून नावरस नाव पत्रिकेत लिहून व्यवहारात 'माधव' ठेवण्याची पूर्ण मुभा आहे. शाळेच्या नावालाही अक्षर लागतेच, असे जिथे सांगितले जाते तिथे हे चार नावांचे प्रकरण शांतपणे काढावे.

आता अर्थाकडे वळू. नावांच्या ॲपमध्ये आणि संकेतस्थळांवर प्रत्येक नावापुढे अर्थ दिलेला असतो आणि तो बहुतेक वेळा 'विष्णूचा अंश', 'सूर्याचा किरण', 'देवाची देणगी' यांपैकी एक असतो. हे अर्थ कोण तपासते? कोणीच नाही. एकाने लिहिलेले दुसरा उचलतो. 'आरव'चा अर्थ 'शांत' असा दिलेला दिसतो. संस्कृतात आरव म्हणजे आवाज, ओरड, गलका. 'अनय' गोड वाटते, पण नय म्हणजे नीती, आणि अनय म्हणजे अनीती, अन्याय. 'रेयांश' मधले 'रेय' संस्कृतात नाहीच. 'कियांश' मध्ये ओढून अर्थ लावायचाच झाला तर 'कियत्' म्हणजे 'किती', आणि 'कितीसा अंश?' असा प्रश्न हाती येतो.

अंश लागलेल्या नावांची परीक्षा घरबसल्या करता येते. 'आंश' काढून टाका आणि काय उरते ते पाहा. शिवांशमधून शिव उरतो, रुद्रांशमधून रुद्र, दिव्यांशमधून दिव्य, प्रियांशमधून प्रिय. ही नावे नीट घडलेली आहेत. उरलेला तुकडा एकट्याने उभा राहत नसेल तर ते नाव कानाला बरे वाटावे म्हणून जुळवलेले आहे. अनुस्वार आणि ऱ्हस्व-दीर्घानेही अर्थ फिरतो. हृषीक म्हणजे इंद्रिये, त्यांचा ईश तो हृषीकेश. 'ऋषिकेश' लिहिले की ऋषीचे केस उरतात. दोन्ही नावे पुण्यात चालतात आणि दोन्ही लिहिणाऱ्यांना आपण एकच नाव लिहितो आहोत असे वाटते.

परक्या भाषेतले नाव ठेवू नये, असे मी म्हणत नाही. शहाजी, दौलतराव, गुलाबराव ही अस्सल मराठी नावे. त्यांतला शाह फारसी, दौलत अरबी, गुलाब फारसी. शब्द येतात आणि आपले होतात. 'मायरा' हे सोळाव्या शतकातल्या एका इंग्रज कवीने आपल्या कवितांसाठी घडवलेले नाव आहे. 'कियारा'च्या जवळचे इटालियन नाव 'उजळ' या अर्थाचे आहे आणि आयरिश नाव 'काळीसावळी' या अर्थाचे. आवडले तर ठेवावे. मात्र त्याला दुर्गेचे सहस्रनामातले नाव म्हणून पाळण्यात घालू नये, कारण ही मुलगी पंधराव्या वर्षी स्वतः शोध घेणार आहे. आणि बाहेरचे नाव घेताना आधी मराठीत त्याचा काही अर्थ होतो का ते पाहावे. 'मिशा' हे उत्तरेकडे मुलीचे नाव म्हणून आवडीने ठेवतात, मराठीत मिशा म्हणजे मिशाच. 'झारा' आपल्या प्रत्येक स्वयंपाकघरात भजी काढायला टांगलेला असतो. हाक मारणारा वर्ग मराठी असेल, तर हे ओझे मुलीने वाहायचे असते.

अर्थ तपासायला पुण्यासारखे गाव नाही. वामन शिवराम आपटे फर्ग्युसन महाविद्यालयाचे प्राचार्य होते. त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश १८९० चा आहे आणि आज इंटरनेटवर फुकट शोधता येतो. मराठी शब्दांसाठी मोल्सवर्थच्या कोशाची १८५७ ची दुसरी आवृत्तीही तशीच उपलब्ध आहे. नाव पक्के करण्याआधी या दोन कोशांत पाच-पाच मिनिटे घालवली तरी वरची निम्मी फसगत टळेल. शब्द तिथे सापडला नाही म्हणून नाव वाईट ठरत नाही, ॲपने लिहिलेला अर्थ मात्र संशयास्पद ठरतो.

दुर्मीळ नाव हवेच असेल, तर ते जवळच आहे. आज सगळ्यांना दोन-तीन अक्षरांचे, सुटसुटीत नाव हवे असते. जुन्या नावांचे 'बाई', 'बा', 'जी', 'राव' काढले की नेमके तेच उरते. सईबाईची सई झाली आणि ती आज किती तरी घरांत आहे. हीच रीत पुढे नेली तर येसूबाईची येसू, शिवाजी महाराजांच्या लेकी राणूबाई आणि अंबिकाबाई यांच्यापासून राणू आणि अंबिका, मुक्ताबाईची मुक्ता, जनाबाईची जना, बहिणाबाईची बहिणा. मुलांमध्ये सोपान, सावता, कान्हो, निवृत्ती. आपल्याच मातीतली ही नावे आजच्या बालवाडीत क्वचितच सापडतील. आणि अर्थ विचारायला कोणत्याही ॲपकडे जावे लागणार नाही. रमा, उमा, मीरा, राधा अशीच परतली. नाव साधारण तीन-चार पिढ्यांनी परत येते: आईच्या पिढीचे ते जुनाट वाटते, आजीच्या पिढीचे म्हातारे वाटते, आणि पणजीचे पुन्हा ताजे.

दुसरा साठा नद्यांचा. पुणे जिल्ह्यात नीरा आहे, मीना आहे, इंद्रायणी, पवना, भामा, कानंदी, गुंजवणी आहेत. रेवा आणि नर्मदा ठेवणाऱ्यांनी एकदा आपल्या तालुक्याच्या नकाशावर नजर टाकावी. फुलांमध्ये सायली आणि प्राजक्ता वापरून झाल्या; अबोली, केतकी, शेवंती मागे राहिल्या. ओवी हे गेल्या काही वर्षांत आलेले नाव मला फार आवडते, कारण ते अर्थासह आणि उच्चारासह पूर्णपणे मराठी आहे.

आता काही जण विचारतील, की इतकी चुकीची नावे पडत असतील तर नोंदणी करतानाच ती का अडवू नयेत? जगात अशी सोय आहे. आइसलँडमध्ये १९९१ पासून नावांची समिती आहे. तिथल्या नोंदवहीत नसलेले नाव ठेवायचे असेल, तर ते आइसलँडिक भाषेचे विभक्तिप्रत्यय घेऊ शकते का, तिथल्या लेखनात बसते का, हे ती पाहते. मराठीलाही असा प्रश्न विचारता येईल. आपण 'गोविंदाने', 'विठ्ठलाला' म्हणत होतो, म्हणजे नावाचे सामान्यरूप होत होते. आता 'संदीपने', 'अद्वैतला' म्हणतो, नाव जसेच्या तसे राहते आणि प्रत्यय बाहेरून चिकटतो. हा बदल नव्या नावांच्याही आधीचा आहे. भाषेच्या अभ्यासकाला तो टिपण्यासारखा वाटावा, पण निबंधकाने त्यावरून नाव नाकारावे असे मला मुळीच वाटत नाही.

याला कारण आपला इतिहास आहे. नाव कोणी ठेवायचे आणि कसे, हा इथे सत्तेचा प्रश्न होता. मनुस्मृतीच्या दुसऱ्या अध्यायात ब्राह्मणाचे नाव मंगल, क्षत्रियाचे बलवाचक, वैश्याचे धनवाचक आणि शूद्राचे जुगुप्सित, म्हणजे किळस यावी असे असावे, असे सांगितले आहे. तिसऱ्या अध्यायात नदीचे, वृक्षाचे, नक्षत्राचे नाव असलेल्या मुलीशी विवाह करू नये म्हटले आहे. महाराष्ट्राने हे दुसरे कधी मनावर घेतले नाही. गोदावरी, कृष्णा, तुळसा, रोहिणी घरोघर होत्या. पहिले मात्र गावोगाव पाळले गेले. १९५६ च्या धम्मदीक्षेनंतर सिद्धार्थ, गौतम, राहुल, सुजाता, यशोधरा, संघमित्रा, प्रज्ञा ही नावे वस्त्यावस्त्यांत पोचली. नावाच्या बाबतीत महाराष्ट्राने विसाव्या शतकात केलेले सगळ्यात मोठे काम तेच आहे. ते कोणा समितीला विचारून झाले नाही.

मुलींचे तर नाव त्यांचे स्वतःचे राहतही नसे. लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवे नाव लिहिले की माहेरचे संपले. रमाबाई रानडे आणि डॉक्टर आनंदीबाई जोशी, दोघींचे माहेरचे नाव यमुना. आपल्याला त्या माहीत आहेत त्या सासरच्या नावाने. मुलगा हवा असताना मुलगी झाली म्हणून तिला 'नकुशा' म्हणण्याची चाल अगदी आपल्या शेजारी होती. सातारा जिल्ह्यात २०११ मध्ये अशा २८० हून अधिक मुलींना समारंभाने नवी नावे देण्यात आली. मूल जगावे म्हणून दगडू, धोंडू, केरू ठेवत, त्यामागे निदान माया होती. नकुशामागे तीही नव्हती. तरीही मला वाटते, अपमानकारक नाव सोडले तर बाकी कशातही सरकारी माणसाने पडू नये. त्याने मोजून सांगावे, तेवढे पुरे.

सरकारी नोंदीचा भाग मात्र प्रत्येकाला नीट माहीत हवा, कारण तिथे झालेली चूक मुलाला आयुष्यभर पुरते. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम १९६९ चा आहे. जन्म २१ दिवसांच्या आत कळवायचा असतो, आणि प्रसूती रुग्णालयात झाली असेल तर ते काम रुग्णालयाचे. त्या अर्जात बाळाच्या नावाचा रकाना रिकामा सोडता येतो. तो घाईने भरू नये. घरातले लाडाचे नाव लिहून टाकणे, आत्याने सुचवलेले तात्पुरते लिहिणे, डिस्चार्जच्या गडबडीत रोमन स्पेलिंग काउंटरवरच्या माणसावर सोपवणे, या तीन चुका सर्रास होतात. आईवडिलांची नावे आधारवर आहेत तशीच भरावीत आणि बाळाचे नाव मागाहून द्यावे. कलम १४ प्रमाणे ते नोंदवता येते: नोंदणीपासून बारा महिन्यांच्या आत विनाशुल्क, त्यानंतर पंधरा वर्षांपर्यंत विलंब शुल्क भरून. बारसे बाराव्या दिवशी करा, घुगऱ्या वाटा, कानात नाव सांगा. कागदावर नाव चढवायला बारा महिने आहेत.

अर्ज कुठे करायचा, यातही गोंधळ होतो. नोंद राहत्या घराच्या पत्त्यावरून होत नाही, जन्म जिथे झाला तिथे होते. बाळंतपण माहेरी मंचरला किंवा बारामतीला झाले असेल तर नाव चढवायला तिथल्याच निबंधकाकडे जावे लागते, पुण्यातल्या क्षेत्रीय कार्यालयात नाही. दाखला हातात आला की तिथेच उभे राहून दोन्ही लिप्या वाचाव्यात. मृण्मयीचे 'म्रुण्मयी', ऋतुजाचे 'रुतुजा', शर्वीचे 'शार्वी' अशा चुका टंकलेखनात होतात. रोमनमध्ये ज्ञ साठी मराठी माणूस डी-एन-वाय लिहितो आणि हिंदी भाषक जी-वाय. एकच रूप ठरवून ते घरातल्या सगळ्यांना लिहून द्यावे. लेखनातली चूक कलम १५ खाली दुरुस्त होते, पण 'नाव आता आवडत नाही' ही चूक धरली जात नाही. पुढे गॅझेट काढून नाव बदलता येते, मात्र मग शाळेचे जनरल रजिस्टर, आधार, बँक, सगळीकडे तेच गॅझेट घेऊन फिरावे लागते. आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते. आणि १ ऑक्टोबर २०२३ पासून जन्मलेल्या मुलांसाठी शाळाप्रवेश, वाहनपरवाना, मतदारयादी, आधार अशा अनेक ठिकाणी जन्मदाखला हाच जन्माचा पुरावा आहे. त्यामुळे त्यातले एक अक्षर सगळ्या कागदांवर उतरते. अंकशास्त्रावरून रोमन स्पेलिंगमध्ये जास्तीचे 'ए' किंवा 'आय' घालणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे. देवनागरीत त्याने काहीच बदलत नाही, आणि प्रत्येक अर्जावर ते अक्षर राहून जाण्याची भीती तेवढी वाढते.

नावाची लांबीही आता मोजायला हवी. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांसाठी राज्य शासनाने बाळाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असा क्रम ठरवला आहे. निर्णय योग्यच आहे. नाव चार भागांचे झाले, एवढे ध्यानात ठेवायचे. पासपोर्टच्या तळाशी यंत्राने वाचायची जी पट्टी असते, तिच्यात नावासाठी ३९ जागा असतात, मधल्या खुणा धरून. रुद्रांश मृण्मयी ज्ञानेश्वर कुलकर्णी हे नाव रोमनमध्ये नेहमीच्या स्पेलिंगने पूर्ण लिहिले तर अक्षरे ३६ होतात, आडनावानंतरच्या दोन आणि उरलेल्या दोन खुणा मिळून ४०. एक जागा कमी पडते आणि शेवटचे अक्षर तुटते. आईवडिलांची नावे लांब असतील, तर बाळाचे आखूड असलेले बरे.

पुन्हा यादीकडे येतो. तिच्यावर पहिला आक्षेप खासगीपणाचा येईल. तो रास्त आहे आणि त्याचे उत्तर सोपे आहे. फक्त पहिले नाव घ्यायचे, आडनाव, प्रभाग, रुग्णालय काही नाही, आणि पाचपेक्षा कमी वेळा आलेले नाव वगळायचे. मग एखाद्या बाळाला ओळखणे शक्यच नाही. मुस्लिम घरात अकिक्याला ठेवलेले नाव, बाप्तिस्म्याचे नाव, बारशाचे नाव, सगळी एकाच यादीत, संख्येच्या उतरत्या क्रमाने. मुलगे आणि मुली एवढाच भेद. दुसरा आक्षेप कामाच्या बोज्याचा. नोंदी संगणकात असताना तो टिकत नाही. खरी कटकट रोमनची आहे. एकाच 'आरव'ची दोन-तीन स्पेलिंगे येतील आणि यंत्र त्यांना वेगळी नावे समजेल. म्हणून मोजणी देवनागरी नावाची करावी आणि त्याच्याखाली रोमन रूपे किती ते द्यावे. ऋतुजा आणि रुतुजा या मात्र वेगळ्याच मोजाव्यात, दाखल्यावर जे आहे ते खरे मानून.

ही यादी पुण्याच्या रहिवाशांची अचूक यादी नसेल. माहेरी जन्मलेली बाळे तिच्यात येणार नाहीत आणि बाळंतपणासाठी पुण्याला आलेल्या बायकांची येतील. हे यादीच्या माथ्यावर एका ओळीत लिहावे. काढण्याची वेळही विचार करून ठरवावी लागेल. नाव चढवायला बारा महिन्यांची मुभा असल्याने, वर्ष संपताच यादी काढली तर हजारो रकाने रिकामे असतील. त्या वर्षातल्या शेवटच्या बाळाचे बारा महिने सरेपर्यंत थांबायला हवे. म्हणजे २०२५ मध्ये जन्मलेल्या मुलांची पुरी यादी २०२७ च्या जानेवारीत निघेल. २०२४ ची काढायला मात्र २०२६ चा जानेवारी पुरेसा आहे.